भाऊ सज्ञान आहे, संस्थेत राहतो. त्याच्या वतीने सही कोणी करायची?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, जरा सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ, घरचं नाव बापू, वय ३४. जन्मापासून बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. वडील होते तोवर घरीच होता. ठिबक येण्याआधी केळीला पाणी धरायला त्यांच्यासोबत जायचा. आकडे कळत नाहीत, पण कुठलं दारं फोडायचं ते कधी चुकला नाही. वडील गेले, आईचे गुडघे गेले, माझं सासर नाशिकला. मग त्याला जिल्ह्यातल्याच एका निवासी संस्थेत ठेवलं. संस्था वाईट नाही. अंगावर कपडे स्वच्छ असतात, वजन टिकून आहे, मला बघून पळत येतो आणि जाताना रडत नाही.

आता एकाच महिन्यात दोन कागद समोर आलेत.

पहिला संस्थेचा. नूतनीकरणासोबत तीन पानी संमतीपत्र आहे. त्यातली वाक्यं जशीच्या तशी देते: ‘लाभार्थीवर आवश्यक वाटतील ते सर्व वैद्यकीय उपचार, शस्त्रक्रियेसह, करण्यास पालक या नात्याने माझी कायमस्वरूपी संमती आहे.’ ‘लाभार्थीची छायाचित्रे व चित्रफिती संस्थेच्या कार्यासाठी वापरण्यास हरकत नाही.’ ‘कोणत्याही घटनेस संस्थेला जबाबदार धरणार नाही.’ खाली आईच्या अंगठ्याला जागा, माझ्या सहीला जागा. बापूचं नाव फक्त वर, ‘लाभार्थीचे नाव’ इथे.

दुसरा कागद चुलत्यांचा. शेताचं हक्कसोडपत्र. ‘त्याला काय कळतं, अंगठा घेऊन टाकू, तू साक्षीदार हो, त्याचं जन्मभर आम्ही बघू.’ आई म्हणते, देऊन टाक, भावकीत वाकडं नको.

आई कायद्याने त्याची पालक आहे का? मी आहे का? दोघी नसू तर मग आहे तरी कोण?

केळीबाग

ताई, आईच पालक, यात विचारायचं काय? आमच्या वाड्यात असाच एक मुलगा आहे, वय चाळीसच्या पुढे. बँक, दवाखाना, सगळीकडे त्याची माय सही करते. कोणी अडवत नाही.

पांझरा

धुळ्याला वकिली करतो, म्हणून लिहितोय. केळीबाग, कोणी अडवत नाही हे खरं. पण ज्या दिवशी अडवतात त्या दिवशी हातात काहीच नसतं.

१८ वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांचं पालकत्व संपतं. मुलगा दिव्यांग असला तरी संपतं. आपोआप पुढे चालू राहील अशी तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. म्हणजे ताई, आज बापूचं कायदेशीर पालक कोणी नाही. आई नाही, तुम्ही नाही, संस्था तर नाहीच.

मार्ग आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. कोर्ट फी नाही, वकील लागत नाही (माझ्या पोटावर पाय आणून सांगतोय). नेमणूक झाली की पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. पालकाने हेळसांड केली, पैसे खाल्ले, तर नातेवाइकाच्या तक्रारीवरून समिती त्याला काढू शकते.

पण पालक नेमला म्हणजे बापूचा विषय संपला, असं समजू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, ते जिल्हा न्यायालय देतं. एका ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्या इच्छेप्रमाणे. न्यासाचा कायदा जुन्या विचाराचा, हा नव्या. दोन्ही आज लागू आहेत. समितीकडून पालकत्व घ्या, पण वागा २०१६ च्या कायद्याप्रमाणे.

हक्कसोडपत्रावर वेगळं लिहितो, आता कोर्टात पुकारा होईल.

रोखठोक

कायदा पुस्तकात छान दिसतो. ताई, एकच विचारतो. उद्या संस्थेने ‘घेऊन जा तुमचा मुलगा’ म्हटलं तर कुठे नेणार? आपल्या खानदेशातल्या तीन जिल्ह्यांत पस्तिशीच्या माणसाला ठेवून घेणाऱ्या जागा आहेत किती? अठरापर्यंत शाळा असते, अनुदान असतं. पुढे सगळा अंधार. मी माझ्या मेहुण्यासाठी शहाद्यापासून चाळीसगावपर्यंत फिरलोय. सही करा आणि गप बसा. टोमणा नाही, अनुभव आहे.

तापीकाठची

रोखठोक, तुमचं बोलणं लागलं, पण खोटं नाही. आईचीही भीती तीच आहे.

पांझरा

हक्कसोड. इथे ‘भावकीत वाकडं नको’ चालणार नाही, स्पष्ट लिहितो.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६, कलम २८: आजार, व्यंग यामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. बापूचा वाटा बहिणीइतकाच, आईइतकाच. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ आणि १२ प्रमाणे ज्याला व्यवहार समजत नाही, आपल्या हिताचा बरावाईट विचार करता येत नाही, त्याने केलेला करार टिकत नाही. आणि नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३५ मध्ये दुय्यम निबंधकालाच सांगून ठेवलंय की लिहून देणारा असा दिसला तर नोंदणी नाकारायची. आता तो प्रत्यक्षात बघतो का? बोटाला शाई लागली, कॅमेऱ्यात फोटो निघाला, ‘पुढचा’. आपण सगळ्यांनी ते ऑफिस पाहिलेलं आहे.

म्हणून ताई, साक्षीदार म्हणून सही करू नका. तुम्ही बहीण. उद्या कागदाला आव्हान द्यायचं ठरलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील, ‘तुम्ही तर हजर होतात.’ तुमच्या पाठीमागे कागद झालाच, तर फेरफाराची नोटीस निघाल्यावर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडा, पोच घ्या. हरकत आली की ती नोंद तक्रारी नोंदवहीत जाते, मुकाट्याने मंजूर होत नाही.

‘जन्मभर आम्ही बघू’ हे हक्कसोडपत्रात कुठे लिहिलंय का, तेवढं एकदा वाचून बघा.

कळण्याची भाकर

बरोबर शे वकीलसाहेब. शेवटनी ओळ लाखमोलनी.

रात्रपाळी

मी अशाच एका निवासी संस्थेत अधीक्षक होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तो ‘सर्व उपचार, कायमस्वरूपी’वाला मजकूर कोणी दुष्टपणाने लिहीत नाही. रात्री दोनला मुलगा पोट धरून लोळतोय, सर्जन म्हणतो अपेंडिक्स, नातेवाइकाचा फोन बंद. डॉक्टर विचारतात सही कोण करणार. त्या एका रात्रीच्या धास्तीने तो कागद बनतो. मग एका संस्थेचा कागद दुसरी उतरवून घेते, त्यात कोणीतरी फोटोचं कलम घालतं, कोणी जबाबदारीचं.

आणि अगदी खरं सांगायचं तर नातेवाईकही तोच कागद मागतात. ‘सारखं विचारू नका, काय ते तुम्हीच बघा.’ दिवाळीलासुद्धा न येणारे पालक मी पाहिलेत.

पांझरा

रात्रपाळी, तुमच्या अपेंडिक्सच्या रात्रीसाठी त्या कागदाची गरजच नाही. जीव वाचवायचा असेल, थांबणं धोक्याचं असेल, तर डॉक्टर संमतीशिवायही उपचार करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे नीट मांडलंय. त्या बाई ४४ वर्षांच्या होत्या. तपासणीसाठी भूल दिली आणि बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, आईच्या संमतीला इथे किंमत नाही. बाई सज्ञान, शुद्धीवर आल्यावर विचारता आलं असतं, तातडी नव्हती. एका तपासणीला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही.

त्या बाई सक्षम होत्या, बापूची गोष्ट वेगळी, हे मान्य. बापूच्या तापाला, टाक्यांना डॉक्टर जवळच्या नातेवाइकाची सही घेतात आणि त्यावर कोणी कोर्टात जात नाही. पण ‘पुढे जे काही कराल त्याला आजच हो’ ही संमती नव्हे. कशाला हो म्हटलं तेच माहीत नसेल तर ते हो कशाचं?

जबाबदारीच्या कलमाबद्दल: अशा ओळीने निष्काळजीपणा धुऊन निघत नाही, गुन्हा तर नाहीच नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम ९२ वाचा. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे.

खडूफळा

मी विशेष शिक्षिका, चोपडा तालुक्यात. सगळे सह्यांबद्दल बोलताय, बापूला विचारायचं कसं यावर कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

संस्थेत वाढलेली आपली माणसं ‘हो’ म्हणायला शिकलेली असतात. हो म्हटलं की ओरडा बसत नाही. माझ्याकडे एक पंचविशीचा दादा होता, दाढ किडलेली. मी विचारलं, ‘दाढ काढायची का?’ हो. थोड्या वेळाने, ‘दाढ राहू द्यायची का?’ हो. ‘डॉक्टरांकडे उद्या जायचं?’ हो. ‘उद्या नको ना?’ हो. आता यातलं कुठलं हो कागदावर लिहिणार?

मग आम्ही काय केलं, तर तोंडी प्रश्न बंद. दोन फोटो ठेवले. एक दवाखान्याच्या खुर्चीचा, एक वर्गातल्या सतरंजीचा. बोट कुठे जातं ते बघायचं. फोटोंच्या जागा बदलून पुन्हा. काही जण नेहमी उजवीकडचंच उचलतात, ते ओळखावं लागतं. त्याला आधी दवाखान्यात नुसतं बसवून आणलं, डॉक्टरांनी माझा दात तपासून दाखवला, आरसा त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. त्याने खुर्चीचा फोटो उचलला आणि गाल धरून दाखवला. याला मी संमती म्हणते. वेळ लागला, पण दाढ धरून बसवायला चार माणसं लागली नाहीत.

नकारही ओळखायला शिका. बापू बोलून नाही म्हणणार नाही कदाचित. अंग आक्रसणं, चप्पल न घालणं, जेवण सोडणं, हे त्याचं नाही असू शकतं. घरच्यांना जे माहीत असतं ते संस्थेला लिहून द्या: हा घाबरला की काय करतो, दुखलं की काय करतो, खूश असला की काय करतो. एक पान पुरे. हे पान तुमच्या त्या तीन पानांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

पांझरा

हे कायद्याच्या भाषेत ‘सहाय्यित निर्णय’. कोर्टात आम्ही दोन तास बोलूनही इतकं नीट सांगत नाही.

निनावी आई

पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी १९ ची, बौद्धिक अक्षमता. पाळीचं तिला जमत नाही, कपडे खराब होतात. संस्थेत घेण्याबद्दल बोलायला गेलो तर सुचवलं गेलं की आधी पिशवी काढून घ्या, नंतरचं टेन्शन नको. नातेवाईकही तेच म्हणतात. चूक आहे का हे?

सिस्टर भुसावळ

ताई, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलं. नको.

२०१६ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट आहे: तिच्या स्वतःच्या, मोकळेपणाने आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल अशी कुठलीही प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात नेऊन काढली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. कारण तेव्हाही हेच दिलं होतं, पाळीची स्वच्छता.

आणि ते ‘नंतरचं टेन्शन’ म्हणजे काय, ते आपण बायका समजतो. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त कळेनासा होतो. मुलीला ठेवायची तर विचारा: रात्री मुलींच्या खोलीकडे कोण असतं, बाई की पुरुष? आंघोळ कोण घालतं? मुलीला घेऊन दवाखान्यात एकटा पुरुष कर्मचारी जातो का? नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? नोंदणीशिवाय दिव्यांगांची संस्था चालवताच येत नाही.

पाळीचं शिकवता येतं. खडूफळा ताई सांगतील.

खडूफळा

येतं. बाहुलीला पॅड लावून शिकवतो आम्ही, लाल रंगाचं पाणी घेऊन. काहींना वर्ष लागतं. काहींना कधीच पूर्ण जमत नाही, मग मदत करायची, जशी जेवायला करतो. विचारपूस करायला मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

पांझरा

पुरवणी. २००९ चं सुचिता श्रीवास्तव प्रकरण. चंडीगडच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीवर तिथेच अत्याचार झाला, गर्भ राहिला. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला, पण तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं. निकाल पटो न पटो, तिला विचारलं गेलं.

आणि कुठेही अत्याचाराचा संशय आला तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, विशेष शिक्षक किंवा दुभाषी सोबत ठेवून, चित्रीकरण करून तक्रार नोंदवायची असते. ‘हिला सांगता येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. हेळसांड, मारहाण असेल तर २०१६ च्याच कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या तहसीलदाराकडेही, कोणीही कळवू शकतं. नातेवाईकच हवा असं नाही.

निनावी आई

खूप आभार. आज रात्री ह्यांना वाचायला देते.

जंक्शन

अवांतर होतंय, पण जवळचा विषय. सासूबाईंना डिमेंशिया. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मिस्टरांच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलंय. आता ठेव मोडून केअर सेंटरचे पैसे भरायचेत. ते चालेल ना?

पांझरा

अवघड आहे. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. लोकांना वाटतं एकदा नोटरी केलं की झालं.

स्थानिक स्तर समिती इथे कामाची नाही, डिमेंशिया त्या चार गटांत बसत नाही. कोमातल्या किंवा अशा रुग्णांसाठी वेगळा कायदाच नसल्याने लोक राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. आपल्या तिन्ही जिल्ह्यांना औरंगाबाद खंडपीठ. तेवढं टाळायचं असेल तर ज्यांची बुद्धी अजून शाबूत आहे त्यांनी आजच खाती संयुक्त करून ठेवा, नॉमिनी नेमा. आणि सासूबाईंनी घर किंवा शेत ‘मला सांभाळाल’ या अटीवर कोणाला लिहून दिलं असेल आणि तो सांभाळत नसेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताकडे अर्ज करून तो व्यवहार रद्द करून घेता येतो. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

सिस्टर भुसावळ

मनोविकाराच्या रुग्णांचं वेगळं आहे, घोळ करू नका. तिथे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. रुग्ण निर्णय घेऊ शकतो हे धरूनच चालायचं. स्वतःहून येत नसेल आणि धोका असेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासून, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. बरं असताना माणूस लिहून ठेवू शकतो की आजारात माझ्यावर काय करा, काय करू नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. आमच्याकडे हे लिहून ठेवलेला रुग्ण मी अजून पाहिलेला नाही.

साखळी बांधणं कलम ९५ ने बंद. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा २८ जण साखळीला बांधलेले होते म्हणून जळून मेले. तरी ‘बाहेरचं बघायला’ नेलेली माणसं पायाला वळ घेऊन आमच्या ओपीडीत येतात.

रोखठोक

सगळं वाचलं. माझा प्रश्न तसाच आहे. संस्थेने काढून टाकलं तर?

रात्रपाळी

काढत नाहीत सहसा. जो पालक विचारतो त्याला आम्ही टरकून असायचो, हे आतलं सांगतो. ज्याचं कोणी विचारत नाही त्याच्याच वाट्याला सगळ्यात आधी दुर्लक्ष येतं. पण कागद फेकून देऊ नका. दुसरा मजकूर लिहून घेऊन जा. ‘तातडीच्या वेळी जीव वाचवण्यासाठी जे लागेल ते करा, त्याच वेळी या दोन नंबरांवर कळवा. बाकी प्रत्येक शस्त्रक्रियेला वेगळी संमती, बापूला समजावून.’ अधीक्षकाला तेवढंच हवं असतं.

रोखठोक

बघू. मेहुण्याचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे.

तापीकाठची

जाऊन आले.

रात्रपाळींचा मजकूर जवळपास तसाच दिला. जबाबदारीचं कलम मी पेनाने खोडलं, सही केली नाही. मॅडम आधी म्हणाल्या, ‘सगळ्यांचा हाच फॉर्म असतो.’ मग वरिष्ठांना फोन केला आणि ठेवून घेतला. फोटोबद्दल बापूलाच विचारलं. संस्थेच्या पुस्तिकेत त्याचा स्वयंपाकघरातला हसरा फोटो आहे, तो दाखवला तर खूश झाला, पानावर बोट ठेवून ‘मी, मी’. दुसऱ्या फोटोत तो आंघोळीनंतर टॉवेलवर आहे, देणगीदार कपडे वाटतायत. तो बघून त्याने पुस्तिका मिटली आणि माझ्या पिशवीत कोंबली. मॅडमसमोरच झालं. तो फोटो काढायला सांगितलाय.

चुलत्यांना सांगितलं, मी साक्षीदार होणार नाही. आईशी दोन दिवस अबोला झाला. काकू अजून बोलत नाहीत.

आता समितीकडे अर्ज. बहीण असले तरी चालेल ना, आईचं वय बघता? आणि समितीची बैठक कधी असते?

पांझरा

बहीण चालेल, आईचं संमतीपत्र जोडा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), बापूच्या वयाचा पुरावा, दोघांचे फोटो, तुमचा आणि त्याचा रहिवासी पुरावा. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक व्हायला हवी. होत नसेल तर अर्जाची पोच आणि तारीख तुमच्याकडे असली पाहिजे, ती दाखवून पाठपुरावा करता येतो. अडलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नंबर १५१००.

अर्ज करायला जाताना बापूला सोबत न्या. समितीने त्याला बघावं, आणि त्यानेही त्यांना बघावं.

खडूफळा

आणि त्याला आधी सांगून ठेवा कुठे जायचंय. कलेक्टर ऑफिसातल्या गर्दीला तो बिचकेल. सकाळी लवकर जा, खायला काहीतरी सोबत ठेवा.